तिसरं नोझल

मिस्त्रीचे वडील गेले तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. थोरल्या बहिणीनं त्याला सरळ आपल्या घरी आणलं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे त्याच्या दाजींना, कुणी काही विचारलं नव्हतं. दाजींनी दारात उभ्या असलेल्या मेहुण्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "खाणार तर भरपूर दिसतोय. पाना धरता येतो का?"

येत नव्हता. दाजींनी शिकवला. पुढे इंजिन उघडायला, जोडायला, त्याचं ऐकायला शिकवलं. आपल्या कामातलं जे होतं नव्हतं ते दिलं, फक्त एक सोडून. नोझल आणि पंपाचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. "ते तुझ्या स्वभावात नाही," म्हणायचे. "तुझा हात मोठ्या कामाचा. हत्तीला सुईत दोरा ओवायला लावू नये."

नोझल म्हणजे डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर बसणारी बोटाएवढी वस्तू. तिच्या टोकातून डिझेल आत फवारलं जातं. फवारा धुक्यासारखा बारीक पडला तर डिझेल पेटतं. नीट नाही पडला, थेंब गळले, की तो सिलिंडर नुसताच हलत राहतो, काम करत नाही. मग इंजिन अडखळतं. त्यालाच कारागीर 'मिस मारतंय' म्हणतात.

मिस्त्रीनं पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं, तेही त्याच रस्त्यावर. वरच्या टोकाला दाजींची खोली, खालच्या टोकाला मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज. इंजिन मिस्त्रीकडे उघडायचं, नोझल दाजींकडे जायची. चपला बाहेर काढल्याशिवाय दाजी कुणाला खोलीत घेत नसत. फरशी रोज पुसलेली, खिडकीला जाड पडदा, टेबलावर धुतलेल्या फडक्यांची चळत आणि मधोमध ते हातानं दाबायचं तपासणीचं यंत्र. एक लांब दांडा, वर दाबाचा काटा, खाली काचेचं भांडं. दांडा दाबला की नोझल कर्रर्र असा आवाज करायचं आणि भांड्यात धुकं उतरायचं. दाजी मान तिरकी करून ते बघायचे आणि एवढंच म्हणायचे, "जा."

दाजींनी 'जा' म्हटलेलं नोझल परत आलं असं मिस्त्रीनं आयुष्यात बघितलं नव्हतं.

असे दोघं म्हातारे होत चालले होते तेव्हा बागवाल्या काकूंचा ट्रॅक्टर आला. गावाबाहेर काकूंची फळबाग होती. ट्रॅक्टर त्यांच्या नवऱ्यानं घेतलेला. मूळचा रंग कुठला हे आता कुणीही सांगू शकलं नसतं. नवऱ्याचा जुना कोट अंगात घालून काकू स्वतःच तो चालवायच्या. भक्... भक्... मग एक ठोका रिकामा, पुन्हा भक्, असा तो गॅरेजच्या दारात येऊन थांबला. मागे पांढऱ्या धुराचा लोट.

"नवरा गेला, हा राहिला," काकू उतरता उतरता म्हणाल्या. "दोघांत जास्त हट्टी कोण होतं ते आता कळलं. बघ रे बाबा याला. चढावर ओझं घेतलं की मान टाकतो."

मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवूनच पाना घेतला. काम सोपं होतं. सिलिंडर तीन. एकेका नोझलच्या नळीचा नट जरा सैल करायचा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बसतो तो सिलिंडर जिवंत. पहिला सैल केला, इंजिन लटपटलं. दुसरा केला, पुन्हा लटपटलं. तिसरा सैल केला आणि काहीच झालं नाही. इंजिन आपलं आधीसारखंच खोकत राहिलं.

"तिसरा झोपलाय," मिस्त्री म्हणाला. "नोझल काढून दाजींकडे पाठवतो. उद्या घेऊन जा."

नोझल गेलं, नोझल आलं. ताईच घेऊन आली, फडक्यात गुंडाळून. हल्ली बऱ्याचदा तीच यायची. मिस्त्रीनं ते बसवलं, इंजिन चालू केलं आणि ऐकत उभा राहिला. भक्... भक्... आणि तो रिकामा ठोका.

आता शहाणा कारागीर अशा वेळी काय करतो ते कुणालाही विचारा. तिसऱ्याचं नोझल काढून पहिल्याला लावतो आणि पहिल्याचं तिसऱ्याला. दोष पहिल्याकडे सरकला तर नोझल वाईट. तिथंच राहिला तर इंजिनात काहीतरी. घटकाभराचं काम. मिस्त्रीनं हजार वेळा केलेलं.

पण ते त्यानं केलं नाही. नोझल दाजींकडून आलं होतं. ते तपासायचं म्हणजे दाजींना तपासायचं. हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही असं नव्हे. तो आला आणि मिस्त्रीनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

मग तो बाकी सगळीकडे शोधत सुटला. डिझेलमध्ये हवा जात असेल म्हणून सगळे जोड उघडले, हवा काढली. फिल्टर नवे घातले. टाकीपासूनची रबरी नळी बदलली. व्हॉल्व्हची फट मोजली, ती बरोबर होती, तरी उगाच पुन्हा लावली. शेवटी हेड उतरवलं. म्हणजे इंजिनाचं डोकंच काढून टेबलावर ठेवलं. व्हॉल्व्ह घासून बसवले. गॅस्केट नवं टाकलं. काकू मधूनमधून येऊन स्टुलावर बसायच्या आणि उघड्या इंजिनाकडे बघायच्या.

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा एवढं उघडलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मिस्त्री हसला नाही. त्याला हल्ली नीट जेवण जात नव्हतं. बायको म्हणाली, "एका ट्रॅक्टरपायी एवढं?" तो म्हणाला, "ट्रॅक्टर नाही गं." पुढे काय ते त्याला स्वतःलाच बोलायचं नव्हतं.

कारण आठवायला लागलं होतं. विहिरीवरचं एक इंजिन दोनदा परत आलं होतं. त्यानं डिझेलमध्ये भेसळ आहे असं सांगून मालकाला वाटेला लावलं होतं. एक जनरेटर आला होता, त्याला तो 'जुना झालाय' म्हणाला होता. दोन्ही वेळा नोझल दाजींच्या हातची.

सगळं जोडून झालं, इंजिन सुरू केलं, आणि तिसरा सिलिंडर झोपलेलाच होता. दुपारची वेळ होती. समोरचं दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मिस्त्रीनं इकडेतिकडे बघितलं, जणू काही चोरी करायची आहे. आणि पहिल्याचं नोझल तिसऱ्याला लावलं, तिसऱ्याचं पहिल्याला.

इंजिन सुरू केलं. तिसऱ्याचा नट सैल केला. इंजिन लटपटलं. तिसरा जागा झाला होता. पहिल्याचा सैल केला. काहीच नाही.

कारागिराला दोष सापडला की आनंद होतो. मिस्त्री तिथंच चाकाला टेकून खाली बसला. मग उठला आणि नोझल पुन्हा अदलाबदल करून बघितली. आपण चुकलो असू, अशी आशा त्यानं आयुष्यात प्रथमच धरली होती. चुकला नव्हता.

तो नोझल घेऊन वर निघाला तेवढ्यात काकू आल्या. "सापडलं का?" त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या मागोमाग निघाल्या. मिस्त्रीला त्यांना 'तुम्ही थांबा' म्हणायचं सुचलं नाही. नंतर ते त्याला फार वेळा सुचलं.

दाजींच्या खोलीत ताई यंत्राजवळ स्टुलावर बसली होती. दाजी दांडा दाबत होते. ताई काट्याकडे बघून म्हणाली, "एकशे साठ... सत्तर... एकशे ऐंशी." मिस्त्री दारात चपला काढता काढता थांबला. दाजींना काटा वाचून दाखवायला माणूस लागतो?

"कोण? मिस्त्री का?" दाजी म्हणाले. दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी हे विचारलं. "ये. नोझल आणलंस ना? दे इकडे, ऐकवतो तुला."

मिस्त्रीनं नोझल दिलं. दाजींच्या बोटांनी ते चटकन लावलं, बोटांना अजून सगळं येत होतं. दांडा दाबला. कर्रर्र. आवाज अगदी बरोबर आला. आणि काचेच्या भांड्यात धुक्याच्या जागी एक बारीक, वाकडी धार उतरली, आणि टोकाला थेंब लोंबत राहिला.

"कसा पडतोय बघ," दाजी म्हणाले. "लोण्यासारखा."

ताईनं मान खाली घातली. मिस्त्री हळूच म्हणाला, "दाजी, धार पडतेय."

"काय बोलतोस?"

"धार पडतेय. आणि गळतंय."

दाजींनी चेहरा भांड्याच्या अगदी जवळ नेला. डावीकडे केला, उजवीकडे केला. आणि दारातून काकू बोलल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "अहो, मला म्हातारीला इथून दिसतंय की! टपटप गळतंय. तुम्हाला कसं नाही दिसत?"

दाजींनी दांड्यावरचा हात काढला, फडकं घेतलं आणि हात पुसत बसले. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ठेवून जा. बघतो. सकाळी ने."

मिस्त्री रस्त्यावर आला. काकू पुढे निघून गेल्या होत्या. मागून ताई धावत आली, तशीच, अनवाणी.

"धाकट्या, काचबिंदू आहे," ती म्हणाली. "आधी कडा गेल्या. आता मधलंही धुरकट झालंय. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाही. थेंब घालायचे ते उरलेलं टिकावं म्हणून."

"केव्हापासून?"

"बरंच झालं."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी परका?"

"त्यांनी शपथ घातली. म्हणाले, धाकट्याला कळलं तर तो माझी नोझल घेणार नाही. आणि घेतलीच तर दया म्हणून घेईल. मला दोन्ही नको." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काटा मी वाचते. फवारा मला कुठे कळतो रे? ते आवाजावर भागवतात."

मिस्त्रीला म्हणायचं होतं की उद्यापासून मी येऊन बसतो, काटाही मी बघतो आणि फवाराही. तो म्हणाला, "उद्या येतो." आणि खाली गेला. त्याच पावली परत खोलीत जायला हवं होतं. पण दाजींच्या तोंडाकडे कसं बघायचं ते त्याला कळेना. त्यानं गॅरेजचा पत्रा ओढला आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

त्या संध्याकाळी दाजींनी ताईला काहीतरी कारण काढून बाजारात पाठवलं. मग एकटेच यंत्राशी बसले. त्यांनी नोझल उघडलं, आतली सुई पाटीवर घासली, धुतली, पुन्हा घातली. हे सगळं त्यांना डोळे मिटूनही येत होतं. येत नव्हतं ते एकच, फवारा बघायचं. तेव्हा त्यांनी तो बोटांना विचारला. डाव्या हातानं दांडा दाबला आणि उजव्या हाताची बोटं नोझलपुढे धरली.

दाजींनी उभ्या आयुष्यात शिकवलेला पहिला धडा हाच होता: फवाऱ्यापुढे बोट नाही. तो दाब कातडीला सुईसारखा भोसकतो आणि डिझेल आत भरतो. मिस्त्रीनं शिकत असताना गंमत म्हणून हात पुढे केला होता तेव्हा दाजींनी त्याच्या मुस्काटात मारली होती. त्यांनी त्याला मारलं ते तेवढंच एकदा.

सकाळी मिस्त्री गेला तेव्हा दाजी यंत्रापाशीच बसलेले. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. डाव्या हातानं त्यांनी नोझल पुढे केलं.

"घे. आता बघ."

"हाताला काय झालं?"

"चिमटलं. तू बघ आधी."

मिस्त्रीनं यंत्रावर लावून बघितलं. काचेच्या भांड्यात धुकं उतरलं. पांढरं, मऊ, गोल. थेंब नाही. त्याला इतकं हायसं वाटलं की तो पोरासारखा हसला. "दाजी! एक नंबर!" दाजीही हसले. घामानं त्यांचं कपाळ ओलं होतं, पण खोलीत पंखा नव्हता, आणि मिस्त्रीला जे बघायचं होतं तेवढंच दिसलं. तो म्हणाला, "उद्यापासून मी रोज सकाळी इथे येऊन बसणार. नाही म्हणायचं नाही." दाजी म्हणाले, "बस की. खोली काय माझ्या बापाची आहे?"

नोझल बसलं. ट्रॅक्टर सुरू झाला. तीन ठोके, सलग, एकही रिकामा नाही. मिस्त्रीनं एकेक नट सैल करून बघितला आणि प्रत्येक वेळी इंजिन लटपटलं. काकूंनी टाळी वाजवली. मिस्त्री म्हणाला, "काकू, वरून फिरवून न्या. दाजींच्या दारावरून. जरा ऐकू दे त्यांना."

काकूंनी ट्रॅक्टर वर नेला. मिस्त्री रस्त्याच्या मध्ये उभा राहून ऐकत होता. आवाज चढावर जराही बसला नाही. आणि मग त्याला ताई दिसली, ट्रॅक्टरच्या पुढ्यातून पळत खाली येताना. तिचा हात हवेत हलत होता आणि इंजिनाच्या आवाजात तिचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

दाजी जमिनीवर बसले होते. फडकं सुटलं होतं. तर्जनी आणि मधलं बोट वांग्यासारखी सुजून काळीनिळी झाली होती. सूज मनगटाच्या वर चढली होती. तर्जनीच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका होता. रक्तसुद्धा आलेलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो ठिपका बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. "केव्हा झालं हे?"

"काल," दाजी म्हणाले.

"काल का नाही आलात?"

"दुखत नव्हतं."

"पहिल्यांदा दुखत नाहीच यात," त्या म्हणाल्या. दाजी हळू आवाजात म्हणाले, "माहीत आहे मला."

मिस्त्रीनं ते ऐकलं. ताईनंही ऐकलं.

त्याच दिवशी हात उघडून धुतला. मग पुन्हा एकदा धुतला. तरी तर्जनी वाचली नाही, मग मधलं बोट गेलं, मग त्याच्या शेजारचं. अंगठा आणि करंगळी राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात वाचला हे नशीब समजा. खरं बोलत होत्या. पण दाजींना ते नशीब कुठल्या खिशात ठेवायचं ते कळत नव्हतं.

बागवाल्या काकू दवाखान्यात आल्या होत्या, पिशवीभर फळं घेऊन. बाकावर मिस्त्रीशेजारी बसल्या. पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले, सोडले. मग म्हणाल्या, "मी बोलायला नको होतं रे."

"तुम्ही खरं तेच बोललात."

"खरं बोलायला कुणी सांगितलं होतं मला?" त्या म्हणाल्या, आणि फळं तिथंच ठेवून निघून गेल्या. पुढे त्यांनी ट्रॅक्टर दुसऱ्या गॅरेजला न्यायला सुरुवात केली. मिस्त्रीनं त्यांना दोष दिला नाही.

ताईनं मात्र मिस्त्रीला सोडलं नाही. दाजी घरी आले त्या आठवड्यात ती एकदाच बोलली, स्वयंपाकघराच्या दारात, पाठमोरी. "एकट्यात सांगायचं होतंस, धाकट्या. परक्या बाईसमोर नाही. त्यांनी तुला कधी चारचौघांत चूक म्हटलं होतं का?"

नव्हतं म्हटलं.

तरी त्यानं प्रयत्न केला. यंत्र पुसून ठेवलं, खिडकीचा पडदा धुतला आणि दाजींना म्हणाला, "चला ना खोलीत. तुम्ही नुसते बसा. मी लावतो, मी दाबतो, मी बघतो. तुम्ही सांगायचं."

दाजी खाटेवर बसले होते. त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "डोळे तुझे, हात तुझे," ते म्हणाले, "मग मी कशाला? राखणीला?"

"शिकवायला."

"तुला ते जमत नाही. मी आधीच सांगितलं होतं." थोडं थांबून म्हणाले, "आणि माझी शिकवण काय लायकीची आहे ते बघितलंस तू."

यंत्र विकायला त्यांनीच सांगितलं. घेणारा मोठ्या गावाहून आला, तरुण होता, नीट बोलणारा. चपला बाहेर न काढताच आत शिरला. ताई काही बोलणार होती, पण दाजींनी डावा हात वर केला आणि ती थांबली. यंत्र टेम्पोत चढवताना दाजी बाहेर आले नाहीत. खोली मग घरमालकानं दुसऱ्या कुणाला दिली. तिथे आता मोबाईलचं दुकान चालतं.

मिस्त्री नोझल आता गावाबाहेर पाठवतो. ती प्लॅस्टिकच्या टोप्या घालून परत येतात, बरी असतात. एखादं खराब निघालं तर पहिल्याच दिवशी कळतं, कारण आता तो आधी अदलाबदल करून बघतो. त्याला त्यात काही वाटत नाही. काही वाटत नाही हेच त्याला रात्रंदिवस खातं.

गॅरेज बंद केलं की तो हातपाय धुऊन बहिणीकडे जातो. ताई चहा ठेवते. ती त्याच्याशी आता बोलते, कामापुरतं. दाजी खाटेवर असतात, तुटका हात मांडीवर उपडा ठेवलेला, डोळे दाराच्या जरा बाजूला लागलेले. दोघांत वर्षानुवर्षं गप्पा झाल्या त्या सगळ्या इंजिनांच्या. दुसरं काही बोलायची सवयच नाही. एकदा दाजींनी विचारलं, "आज काय आलं होतं?"

त्या दिवशी एक जुना ट्रॅक्टर आला होता. मिस मारत होता. मिस्त्री म्हणाला, "काही खास नाही. तेल बदललं एकाचं."

दाजींनी नाकानं हवा ओढली. मिस्त्रीनं साबण लावून हात घासले होते, पण जळक्या डिझेलचा वास कपड्यांना होताच.

"कुठला सिलिंडर होता?" दाजी म्हणाले.

मिस्त्रीला 'दुसरा' म्हणायचं होतं. त्यानं बाही नाकाशी नेली आणि खाली सोडली. ताई चहाचे कप घेऊन आली, दाजींचा कप तिनं त्यांच्या डाव्या हातात दिला, बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली आणि पकड घट्ट झाल्याची खात्री करूनच आपला हात काढला. मिस्त्री ते बघत राहिला. दाजींनी पुन्हा विचारलं नाही.